बापाने डोळे घेतले, लेकाने जीव? – सर्बियाचा राजा स्टेफान देचान्स्की

रेवाकाठ

(शीर्षकातलं प्रश्नचिन्ह नंतर जोडलं आहे. का, ते खालच्या चर्चेत कळेल.)

कोसोव्होतल्या देचानीच्या मठातल्या चर्चला दक्षिणेकडून एक दरवाजा आहे. त्यावर दगडात कोरलेला एक लेख आहे. कोतोर या राजाच्या शहरातला फ्रान्सिस्कन साधू आणि मुख्य कारागीर फ्रा विता याने हे चर्च राजा स्टेफान उरोश तिसरा आणि त्याचा मुलगा राजा स्टेफान यांच्यासाठी ८ वर्षांत बांधलं, असा त्याचा मजकूर. साल ६८४३ म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलं. आपल्या हिशेबाने १३३५. मला ती लिपी येत नाही. एका तरुण साधूने ओळीवरून बोट फिरवत अर्थ सांगितला, आणि दोन राजांच्या नावांपाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं. हा लेख कोरला गेला तेव्हा त्यातला पहिला राजा मरून चार वर्षं झाली होती. त्याला गादीवरून खाली ओढणारा माणूस म्हणजे लेखातला दुसरा राजा, त्याचा सख्खा मुलगा.

त्या दिवसापासून हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

गोष्ट त्याच्या बापापासून सुरू करावी लागते. राजा मिलुतिन, १२८२ ते १३२१. स्कोप्ये जिंकलं, चांदीच्या खाणींवर राज्य श्रीमंत केलं, चर्चांमागून चर्चं बांधली, बायकाही एकामागून एक केल्या. शेवटची सिमोनिदा, बायझंटाइन सम्राट अँड्रोनिकस दुसरा याची मुलगी. १२९९ मध्ये लग्न झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि नवरा चाळिशी केव्हाच ओलांडलेला. स्टेफान हा आधीच्या लग्नातला मुलगा. पोरवयात त्याला बापाने तातारांच्या नोगाय खानाकडे ओलीस म्हणून पाठवलं. १२९९ मध्ये नोगाय मारला गेला, त्या सुमारास तो सुटून परत आला. पुढे त्याला झेता प्रांत दिला. झेता म्हणजे आजच्या माँटेनेग्रोचा भाग आणि स्कादर शहराभोवतीचा मुलूख.

१३१४ च्या सुमारास तिथल्या सरदारांनी त्याला भरीला घातलं आणि तो बापावर उठला. मिलुतिन फौज घेऊन आला आणि मुलगा हाती लागला. त्याला स्कोप्येला नेऊन डोळ्यांवर तापलेलं लोखंड फिरवलं, आणि बायको थिओडोरा आणि लहानगा मुलगा दुशान (लेखातला दुसरा राजा स्टेफान तो हाच) यांच्यासह कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाकडे पाठवून दिलं. दुशान तेव्हा साधारण सहा वर्षांचा.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याला पँटोक्रेटरच्या मठात ठेवलं होतं. पँटोक्रेटर म्हणजे सर्वसत्ताधीश ख्रिस्त. ती इमारत आजही इस्तंबूलमध्ये झेयरेक मशीद म्हणून उभी आहे. इथून दंतकथा सुरू होते. स्कोप्येहून नेताना वाटेत ओव्चे पोल्ये इथे मुक्काम पडला. त्या रात्री संत निकोलस स्वप्नात आले. त्यांच्या तळहातावर स्टेफानचे दोन्ही डोळे होते. घाबरू नकोस, तुझे डोळे माझ्यापाशी आहेत, असं म्हणाले. पाच वर्षांनी मठात ते पुन्हा आले आणि डोळे परत दिले. स्टेफानने हे कुणालाही सांगितलं नाही. पट्टी तशीच ठेवली.

पुढचा भाग इतिहासाचा. १३२० च्या आसपास धर्मगुरूंच्या मध्यस्थीने बापाने त्याला परत बोलावलं, बुदिम्ल्ये हा छोटासा मुलूख पोटापाण्याला दिला. पट्टी डोळ्यांवरच. २९ ऑक्टोबर १३२१ ला मिलुतिन नेरोदिम्ल्येच्या वाड्यात वारला. वारस ठरवलेला नव्हता. सावत्र भाऊ कोन्स्तान्तिन उभा राहिला, चुलतभाऊ व्लादिस्लाव्ह कैदेतून सुटला. आणि स्टेफानने डोळ्यांवरची पट्टी सोडली. मला दिसतं, म्हणाला. लोकांनी चमत्कार मानला. ६ जानेवारी १३२२ ला राज्याभिषेक झाला, त्याच दिवशी दुशानला 'तरुण राजा' म्हणून मुकुट घातला.

मी अडकते ती इथे. चमत्कार बाजूला ठेवला तर याचा सरळ अर्थ असा की डोळे पूर्ण गेलेच नव्हते, आणि हा माणूस सहा-सात वर्षं आंधळ्याचं सोंग घेऊन जगला. शत्रूच्या दारात, बापाच्या दारात, झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत. घरातलं लहान पोर त्याला हात धरून पायऱ्या उतरवत असणार. त्या पोराला ठाऊक होतं का? ठाऊक असेल, तर सहाव्या वर्षापासून त्याने जिवाच्या भीतीने खोटं जपलं. नसेल, तर तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला कळलं की आपला बाप आपल्याशीही खोटं वागला. दुशानचं पुढचं आयुष्य वाचताना हा प्रश्न मला सोडत नाही.

राज्य दहा वर्षांचं. सावत्र भावाचा आणि चुलतभावाचा मोड केला. पहिली राणी थिओडोरा १३२२ मध्ये गेली. १३२४ मध्ये बायझंटाइन घराण्यातल्या मारियाशी दुसरं लग्न झालं. नोव्हो ब्रदोची खाण कागदोपत्री पहिल्यांदा दिसते ती १३२६ मध्ये, याच्याच काळात. १३२७ मध्ये देचानीचा पाया घातला. २८ जुलै १३३० ला वेल्बुझ्दला बल्गेरियाचा धुव्वा उडवला. आणि लगेच पुढच्या वर्षी, यशाच्या शिखरावर असताना, दुशान स्कादरहून थोडकी माणसं घेऊन नेरोदिम्ल्येवर अचानक चालून आला. राजा पेत्रिचच्या गढीत पळाला. २१ ऑगस्टला पकडला गेला. ८ सप्टेंबरला दुशानचा राज्याभिषेक. ११ नोव्हेंबर १३३१ ला झ्वेचानच्या किल्ल्यात स्टेफान मेला. गळा दाबून मारलं, असं बहुतेक जुने लेखक सांगतात.

देचानीचं चर्च त्याने कुणाला वाहिलं? पँटोक्रेटर ख्रिस्ताला. ज्या मठात कैदेत दिवस काढले, तेच नाव. आत दक्षिणेकडचं उपमंदिर संत निकोलसचं. त्याने आपल्या अंधाराची वर्षं त्या इमारतीत चिणून ठेवली आहेत असं मला तिथे उभं राहून वाटलं, आणि अजून तसंच वाटतं.

---

पाचपावली

वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. मिलुतिनला मुलाची भीती होती तर सरळ मारलं का नाही? आंधळं करून जिवंत ठेवण्यात काय मतलब?

---

रेवाकाठ

@पाचपावली, बायझंटाइन जगात ही रीतच होती आणि सर्बियाने ती तिथूनच उचलली. सम्राट हा देवाचा प्रतिनिधी, तो अव्यंग हवा. डोळे, नाक, काहीही गेलं की माणूस गादीला अपात्र. शिवाय जीव घेतला नाही म्हणजे पापही कमी, अशी समजूत. शिक्षेलाही पायऱ्या होत्या. कधी बुबुळं काढत, कधी तापलेली धातूची पट्टी डोळ्यांजवळून फिरवत. दुसऱ्या प्रकारात करणाऱ्याचा हात हलका पडला, किंवा पाडून घेतला, तर थोडी नजर वाचायची. स्टेफानच्या बाबतीत असंच काही झालं असावं असं इतिहासकार मानतात.

आणि नियमालाही अपवाद होता. सम्राट आयझॅक दुसरा याला त्याच्या भावाने, अलेक्सियस तिसरा याने ११९५ मध्ये आंधळं केलं, तरी १२०३ मध्ये त्याला पुन्हा गादीवर बसवलं गेलं. तो अलेक्सियस म्हणजे सर्बियाच्या पहिल्या मुकुटधारी राजाचा सासरा. म्हणजे या घराण्याला ही शिक्षा सोयरिकीतूनच माहीत होती.

---

ओंजळ

सुंदर लिहिलंय. प्रत्येक राजाच्या नावात स्टेफान का आहे? वाचताना गोंधळ होतो.

---

रेवाकाठ

ग्रीकमध्ये स्टेफानोस म्हणजे मुकुट. नेमान्यिच घराण्यात गादीवर बसणारा प्रत्येक जण ते नाव लावतो, जवळजवळ पदवीसारखं. 'देचान्स्की' हे त्याचं आडनाव नाही, देचानीचा राजा म्हणून लोकांनी दिलेलं नाव.

---

गवंडीकाम

मी बांधकामातला माणूस, इतिहासात गती नाही. धागा वाचून देचानीचे फोटो बघत बसलो, तासभर कसा गेला कळलं नाही.

बाहेरची भिंत नीट बघा. एक थर फिकट पिवळसर-पांढऱ्या दगडाचा, एक जांभळट गुलाबी दगडाचा, वरपर्यंत आळीपाळीने. सांधे इतके बारीक की रंग बदलतो तिथेच थर संपल्याचं कळतं. दगड दोन जातींचा असला की घडणावळ वेगळी, झीज वेगळी. तरी पातळी कुठे ढळलेली नाही. घुमट जमिनीपासून २९ मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या नऊ-दहा मजल्यांएवढा, आणि तोही चौकोनावर तोललेला. खिडक्या आणि दरवाजांचं कोरीवकाम इटलीच्या किनाऱ्यावरच्या पद्धतीचं, सिंह, ग्रिफिन, वेली. आतली मांडणी मात्र पूर्वेकडच्या चर्चची.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की ऑर्थोडॉक्स राजाने कॅथलिक साधूला मुख्य कारागीर नेमलं आणि त्याने आपलं नाव दरवाजावर कोरलं. त्या काळच्या किती इमारतींच्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत आहेत?

---

रेवाकाठ

@गवंडीकाम, सांध्यांबद्दल अगदी बरोबर. मी भिंतीवर हात ठेवून पाहिला. गुलाबी दगड हाताला किंचित खरखरीत लागतो, पांढरा गुळगुळीत. कोतोर तेव्हा सर्बियाच्या राजाच्या ताब्यात होतं आणि समुद्रकिनारी असल्यामुळे कॅथलिक. मिलुतिनची आणि त्याआधीची राज्यंही अशीच दोन्हीकडे पाय ठेवून उभी होती. इटलीत बारीला संत निकोलसचं चर्च आहे, तिथली एक मोठी प्रतिमा देचान्स्कीने भेट दिली अशी परंपरा आहे. डोळे देणाऱ्या संताला तो विसरला नाही.

---

जुनी पानं

लेख आवडला, पण शीर्षकाला माझा आक्षेप आहे, आणि तो नीट मांडतो.

दुशानने बापाला पदच्युत केलं, यात वाद नाही. पण खुनाचा हुकूम त्याने दिला, हे कशावरून? या राजाची दोन मोठी चरित्रं आहेत. पहिलं आर्चबिशप दानिलो दुसरा याच्या परंपरेतल्या शिष्याचं, दुशानच्याच राज्यात लिहिलेलं. तो दुशानची बाजू घेतो, कारण जिवंत राजाच्या सावलीत बसून लिहीत होता. दुसरं ग्रेगोरी त्साम्ब्लाकचं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. तो देचानीचा मठाधिपती होता. त्याला आपल्या मठाच्या संस्थापकाला हुतात्मा संत म्हणून उभं करायचं होतं. हुतात्म्याला मारणारा लागतो, म्हणून दुशान तिथे काळाकुट्ट होतो.

त्साम्ब्लाकवर किती विसंबायचं याचा एक दाखला देतो. तो सांगतो की कॉन्स्टँटिनोपलच्या कैदेत असताना स्टेफानने सम्राटाला बार्लाम या पाखंडी माणसाविरुद्ध सल्ला दिला. बार्लामचा वाद पेटला तो १३३० च्या दशकात. स्टेफानची कैद १३२० च्या आसपास संपली. म्हणजे हा प्रसंग घडूच शकत नाही. नायक मोठा दिसावा म्हणून पुढच्या पिढीचा वाद मागे ओढला आहे. तोच लेखक निकोलसचं स्वप्न सांगतो, तोच शेवटचा प्रसंगही सांगतो.

सरदारांचं काय? वेल्बुझ्दच्या विजयानंतर त्यांना दक्षिणेत बायझंटाइन मुलूख मारायचा होता, म्हातारा राजा थांबला. जमिनी आणि लूट हातची जात होती. तरुण दुशानभोवती जमलेले तेच. बाप जिवंत राहिला असता तर उद्या पुन्हा पट्टी सोडून उभा राहिला असता, ही भीती दुशानपेक्षा त्यांना जास्त असणार. हा माणूस एकदा 'मेलेला' असताना परत आला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि तुमचा देचान्स्की तरी निष्पाप होता का? सावत्र भाऊ कोन्स्तान्तिनचं काय झालं?

---

रेवाकाठ

@जुनी पानं, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

बार्लामचा मुद्दा बिनतोड आहे. हुकुमाचा पुरावा नाही, हे मान्य. शीर्षकात प्रश्नचिन्ह जोडलं आहे. पण एवढं म्हणेन की झ्वेचानचा किल्ला दुशानच्या ताब्यात होता, कैदी त्याचा बाप होता, आणि त्या मृत्यूबद्दल त्याने कुणाला शिक्षा केल्याचं कुठे येत नाही. हात कुणाचा होता माहीत नाही, छप्पर त्याचं होतं.

कोन्स्तान्तिनबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं, मी ते एका वाक्यात गुंडाळलं होतं. त्साम्ब्लाक म्हणतो की स्टेफानने भावाला पत्र लिहून राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं स्थान देऊ केलं, त्याने ऐकलं नाही आणि लढाईत पडला. पण त्याच काळातला एक पाश्चात्त्य धर्मगुरू लिहितो की कोन्स्तान्तिनला पकडून अतिशय क्रूरपणे मारलं. तो लेखक सर्बियाचा द्वेष्टा होता, कॅथलिक राजांनी सर्बिया जिंकावा म्हणूनच लिहीत होता. तरीही पाटी कोरी नाही. ज्याचे डोळे बापाने काढले त्याने सत्ता हाती येताच भावाला जगू दिलं नाही, ही शक्यता मी नाकारणार नाही. मला तो संत म्हणून नाही, माणूस म्हणून हवा आहे.

---

जुनी पानं

मग आपलं जमलं. घराण्याची रीत बघितली की दुशान वेगळा वाटत नाही. पणजोबा उरोश पहिला, त्याला १२७६ मध्ये त्याच्या मुलाने, द्रागुतिनने गादीवरून हटवलं. १२८२ मध्ये द्रागुतिनला धाकट्या भावासाठी, मिलुतिनसाठी गादी सोडावी लागली. मिलुतिनने स्वतःच्या मुलाचे डोळे घेतले. त्या मुलाला त्याच्या मुलाने उतरवलं. वारसा ठरवायचा पक्का नियमच नव्हता, मोठा मुलगा की राजाच्या मर्जीतला की सैन्य ज्याच्या मागे तो, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरत होतं. 'तरुण राजा' हे पद तोडगा म्हणून काढलं, त्यातून बापाच्या हयातीतच दुसरा दरबार उभा राहायला लागला. झेता त्या दुसऱ्या दरबाराची जागा. स्टेफान तिथूनच उठला होता, दुशानही तिथूनच उठला.

---

रेवाकाठ

झेताचा हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता. ज्या मुलखातून स्वतः बंड केलं, तोच मुलूख त्याने मुलाला दिला.

---

ढालतलवार

वेल्बुझ्दची लढाई दोन ओळींत आटोपलीत, थोडं लिहितो.

मूळ कारण घरचं होतं. बल्गेरियाचा झार मिखाईल शिश्मान हा देचान्स्कीचा मेहुणा, बहीण आना नेदा त्याला दिलेली. १३२४ मध्ये मिखाईलने तिला टाकलं आणि बायझंटाइन राजकन्येशी लग्न केलं. त्या राजकन्येचा भाऊ अँड्रोनिकस तिसरा आजोबांशी, म्हणजे सम्राट अँड्रोनिकस दुसऱ्याशी, गादीसाठी भांडत होता. देचान्स्की आजोबांच्या बाजूने. नातू १३२८ मध्ये जिंकला. मग त्याने आणि मिखाईलने मिळून सर्बियाला दोन बाजूंनी चेपायचं ठरवलं.

जुलै १३३० मध्ये मिखाईल पश्चिमेकडे निघाला. अँड्रोनिकस दक्षिणेत सीमेवर रेंगाळत राहिला. वेल्बुझ्द म्हणजे आजचं बल्गेरियातलं क्युस्तेंदिल. दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि थोड्या दिवसांचा तह ठरला. बल्गेरियन सैनिक दाणावैरणीसाठी गावोगाव पांगले. तेवढ्यात सर्बांना कुमक पोचली आणि २८ जुलैला त्यांनी हल्ला चढवला. चिलखती भाडोत्री स्वार पश्चिम युरोपातून आणलेले, त्यांच्यासोबत तरुण दुशानही होता. बल्गेरियन फौज गोळा होण्याआधीच फुटली. मिखाईल जखमी होऊन मेला. त्याला स्तारो नागोरिचानेच्या चर्चमध्ये पुरलं. देचान्स्कीने आपला तंबू होता त्या जागी एक चर्च बांधलं.

तह मोडून जिंकलेली लढाई, हे सांगायला हवं. पण त्यानंतर त्याने बल्गेरिया गिळला नाही. टाकलेल्या बहिणीला आणि तिच्या मुलाला, इव्हान स्टेफानला, बल्गेरियाची राजधानी तार्नोव्होच्या गादीवर बसवलं. सरदारांच्या दृष्टीने ही कमजोरी. माझ्या दृष्टीने भावाने बहिणीचं घर परत मिळवून दिलं. ते वर्षभरही टिकलं नाही. १३३१ मध्ये तार्नोव्होतही उठाव झाला, इव्हान अलेक्झांडर झार झाला. दुशानने लगेच त्याच्याच बहिणीशी लग्न केलं.

---

ओंजळ

म्हणजे आना नेदा पुन्हा बेघर. या सगळ्यांत बायकांचं कुणी विचारतच नाही. दुशानच्या आईबद्दल काही कळतं का?

---

रेवाकाठ

@ओंजळ, थोडंच, पण जे आहे ते फार जिवंत आहे. थिओडोरा बल्गेरियाच्या झार स्मिलेत्सची मुलगी. नवऱ्याबरोबर वनवास भोगला, आणि तो राजा झाला त्याच वर्षी गेली. तिला बान्यस्काच्या चर्चमध्ये पुरलं. १९१५ मध्ये तिथल्या उत्खननात तिची सोन्याची अंगठी सापडली, आता बेलग्रेडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन डोक्यांचा गरुड आहे आणि अक्षरं कोरली आहेत, जो हिला घालेल त्याला देव साहाय्य करो. तिच्यासारख्या बाईच्या बोटात ती अंगठी होती, हे मनात येतं तेव्हा पुढचं वाचवत नाही.

सिमोनिदाचं सांगायचं तर ग्राचानित्साच्या चर्चमध्ये तिचं भित्तिचित्र आहे, आणि त्या चित्राचे डोळे खरवडून काढलेले आहेत. मिलुतिन मेल्यावर ती कॉन्स्टँटिनोपलला परतली आणि जोगीण झाली. सत्तावीस वर्षांची होती फक्त.

---

सायसाखर

मिलुतिनबद्दल एक भर घालते. मी इटालियन शिकते आहे. दान्तेच्या 'पारादिझो'च्या एकोणिसाव्या सर्गात वाईट राजांची यादी येते, त्यात 'राशियाचा तो' असा उल्लेख आहे, ज्याने व्हेनिसच्या नाण्याची नक्कल केली. राशिया म्हणजे रास्का, सर्बियाचं जुनं नाव. बाईंनी शिकवताना सांगितलं की हा मिलुतिन. त्याची चांदीची नाणी व्हेनिसच्या नाण्यासारखी दिसत, चांदी मात्र कमी. व्हेनिसने त्या नाण्यांविरुद्ध १२८२ पासूनच फर्मानं काढली होती. दान्ते सप्टेंबर १३२१ मध्ये गेला, मिलुतिन त्यानंतर दीड महिन्याने. सर्बियाच्या चर्चने मात्र मिलुतिनलाही संत मानलं आहे!

---

रेवाकाठ

@सायसाखर, हो, आणि त्याचे अवशेष आता सर्बियात नाहीत, बल्गेरियात सोफियाच्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये आहेत. तिथले लोक त्या चर्चला कित्येक वर्षं 'पवित्र राजा' म्हणत, ते याच्यामुळे. आणखी एक गुंफण बघा. देचान्स्कीने बल्गेरियाचा झार मारला, आणि देचान्स्कीला संत म्हणून अजरामर करणारा त्साम्ब्लाक जन्माने तार्नोव्होचा, बल्गेरियन. तुर्कांनी त्याचं शहर घेतल्यावर परागंदा झालेला. घर हरवलेल्या माणसाला हा कैदी राजा आपला वाटला असेल.

---

नवखा_१२

देचानीच्या भिंतीवर अंतराळयानं काढली आहेत असा एक व्हिडिओ पाहिला होता. तेच का हे?

---

रेवाकाठ

@नवखा_१२, तेच चर्च. वधस्तंभाच्या चित्रात वर दोन कोपऱ्यांत दोन आकृत्या आहेत, प्रत्येकीत एक माणूस बसलेला. ते सूर्य आणि चंद्र आहेत. ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळी अंधार पडला या कथेसाठी सूर्य-चंद्राला माणसाचं रूप देण्याची पद्धत बायझंटाइन चित्रांत जुनी आहे. त्या व्हिडिओत फक्त कोपरा मोठा करून दाखवतात. पूर्ण भिंत बघा. आत हजाराहून अधिक आकृत्या आहेत, रंगकाम १३५० पर्यंत चाललं. नेमान्यिच घराण्याचा वंशवृक्ष एका वेलीसारखा वर चढत गेला आहे, त्यात बाप, लेक, आंधळं करणारा, आंधळा झालेला, सगळे आपापल्या फांदीवर. ते बघायला जा.

---

पाचपावली

आता तिथली स्थिती कशी आहे? कोसोव्होत आहे ना? जाता येतं?

---

रेवाकाठ

येतं. मी पेजाहून (सर्ब लोक पेच म्हणतात) बसने देचानला उतरले, तिथून बिस्त्रित्सा नदीच्या काठाने दोन किलोमीटर चालत गेले. मठाबाहेर इटालियन सैनिकांची चौकी आहे, पासपोर्ट तिथे ठेवावा लागतो. युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं आणि २००६ मध्ये धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. मठाच्या २४ हेक्टर जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चालला. कोसोव्होच्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये मठाच्या बाजूने निकाल दिला, नोंद मात्र २०२४ मध्ये झाली. १९९८-९९ च्या युद्धात याच साधूंनी अल्बेनियन, सर्ब, रोमा, जो येईल त्याला आसरा दिला होता, हे तिथे गेल्यावर विसरू नये.

जमलं तर गुरुवारी जा. संध्याकाळी राजाची पेटी उघडतात आणि तिच्यासमोर प्रार्थना गातात. वीज लावत नाहीत, मेणबत्त्यांवरच. घुमट वर अंधारात नाहीसा होतो, आणि काही वेळाने डोळे सरावले की एकेक चेहरा भिंतीतून पुढे येऊ लागतो.

---

जुनी पानं

एक बारीक दुरुस्ती, नंतर येणाऱ्यांसाठी. तुम्ही मृत्यूची तारीख ११ नोव्हेंबर दिली आहे ती जुन्या पंचांगाची. सर्बियात त्याचा सण आता २४ नोव्हेंबरला येतो.

---

रेवाकाठ

बरोबर, आणि त्या सणाला लोक देचान्स्कीच्या नावाने कमी, म्रातिनदान म्हणून जास्त ओळखतात. त्या आधीचे दिवस लांडग्यांचे मानतात. मठातल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं की त्यांची आजी त्या दिवसांत लोकरीला हात लावायची नाही, चाती टांगून ठेवायची, नाहीतर लांडगे मेंढरांवर येतात. मी विचारलं, राजाचा आणि लांडग्यांचा काय संबंध? त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.